विद्यापीठासाठी शाश्वततेचा ऑनलाइन अभ्यासक्रम कसा तयार करावा

अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर शिकणाऱ्याला प्रत्यक्ष काय करता आले पाहिजे, हे आधी लिहून काढावे, त्यानुसार मूल्यमापन ठरवावे आणि मगच धडे लिहायला घ्यावेत. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाची शाश्वत विकासाची १९८७ मधील व्याख्या आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेली १७ शाश्वत विकास उद्दिष्टे यांची ओळख पहिल्या घटकात थोडक्यात करून द्यावी. त्यांच्या पाठांतरावर वेळ दवडू नये.

खरा भर आपल्याच परिसराच्या आकडेवारीवर हवा. संस्थेने जाळलेले इंधन, विकत घेतलेली वीज आणि खरेदी, प्रवास व कचरा यांतून होणारे अप्रत्यक्ष उत्सर्जन अशा तीन व्याप्तींत, म्हणजे हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाच्या तीन गटांत, नोंदी मांडायला लावल्या, की तिसरी व्याप्ती मोजणे किती अवघड आहे हे आपोआप उमगते, आणि माझ्या मते हाच अभ्यासक्रमाचा गाभा आहे.

पायाभूत घटक सर्वांना समान ठेवून पुढील स्वाध्याय मात्र भूमिकेनुसार वेगळे द्यावेत: प्रयोगशाळा सहायकाने अतिशीत फ्रीझर उणे ८० ऐवजी उणे ७० अंशांवर ठेवल्यास किती वीज वाचेल हे तपासावे, खरेदी विभागाने निविदेच्या अटी नव्याने लिहाव्यात, तर विद्यार्थ्यांनी वसतिगृहातील पाणीवापर मोजावा. चित्रफिती छोट्या ठेवून त्यांना उपशीर्षके जोडावीत. सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी विद्यार्थी व कर्मचारी यांच्या छोट्या मिश्र गटाकडून अभ्यासक्रमाची चाचणी घ्यावी आणि आकडेवारी दरवर्षी अद्ययावत करण्याची जबाबदारी एका ठरावीक विभागाकडे लेखी सोपवावी.