एसक्यूलाइटमध्ये मराठी शोध: ‘विहीर’ टाकल्यावर ‘विहार’ का येतं?

ग्रंथालयाच्या यादीत ‘लाइक’ने (मजकुरात शब्द शोधण्याची डेटाबेसची साधी सोय) शोधताना शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावलं, की साधा इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली क्रमवारी, कामाला येत नाही आणि डेटाबेस प्रत्येक नोंद वाचत बसतो. शोधयंत्र आधीच शब्द सुटे करून कोणता शब्द कुठल्या नोंदीत, कितव्या जागी आहे याची सूची तयार ठेवतं. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये हे काम एफटीएस५ हा त्याचा मजकूर-शोधाचा भाग करतो.

मराठीसाठी पहिला खड्डा इथेच आहे. त्याचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द सुटे करणारा भाग), युनिकोड६१, फक्त अक्षरं आणि अंक शब्दात धरतो. काना, वेलांटी, हलन्त यांना तो शब्द तोडणारी चिन्हं समजतो. त्यामुळे ‘विहीर’चे व, ह, र असे तीन तुकडे होतात. ‘विहार’चेही तेच. म्हणून सूची बनवतानाच टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’ पर्यायात एल*, एन*, सीओ या युनिकोडच्या नेहमीच्या चिन्हगटांच्या (अक्षरं, अंक वगैरे) जोडीला एमएन आणि एमसी, म्हणजे काना-वेलांटी-हलन्त यांचे गट, द्या. हा पर्याय नंतर बदलता येत नाही. सूची पाडून नवी करावी लागते. सूचीतले शब्द दाखवणारा एफटीएस५व्होकॅबचा तक्ता उघडून बघा: एकेका अक्षराच्याच ओळी दिसल्या, तर पर्याय लागलेला नाही.

मजकूर भरण्याआधी तो एकसारखा करा. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. ‘ॲ’सुद्धा एका अक्षराने लिहितात किंवा अ आणि चंद्र जोडून. युनिकोडचं एनएफसी रूप (एकच अक्षर लिहिण्याचे वेगवेगळे प्रकार एक करणारं प्रमाण रूप) केलं तरी या जोड्या एक होत नाहीत, त्या स्वतः बदलाव्या लागतात. २०१२ देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही अंकांत येतं, तेही एका बाजूला आणा. वापरणाऱ्याने टाइप केलेल्या शब्दावरही हीच सफाई चालवा. एकाच बाजूला केली तर असे शब्द सापडत नाहीत.

विभक्तीसाठी शब्दाच्या शेवटी तारा (*) लावा: ‘पुस्तक*’ने पुस्तकात, पुस्तकाने दोन्ही सापडतात. पण विहीर–विहिरीत, पाऊस–पावसात इथे मूळ शब्दच बदलतो. अशा शब्दांच्या सामान्यरूपांचा छोटा तक्ता ठेवून ‘विहीर* ओआर विहिर*’ (ओआर म्हणजे ‘किंवा’) असा शोध पाठवा. ओआर मोठ्या रोमन अक्षरांतच हवं. ‘घर*’ने ‘घराणे’ही येईल. ग्रंथसूचीत हे चालतं, हवं ते पुस्तक निसटण्यापेक्षा बरं.

वर्ष आणि दाखल क्रमांक या सूचीत कोंबू नका. ते मूळ तक्त्यात साध्या इंडेक्ससह राहू द्या आणि रोआयडीने, म्हणजे प्रत्येक ओळीच्या अंतर्गत क्रमांकाने, जोडा. क्रम लावताना बीएम२५मध्ये (नोंद शोधाशी किती जुळते याचा आकडा देणारं सूत्र) शीर्षकाला १०, लेखकाला ५, वर्णनाला १ असं वजन देऊन सुरुवात करा. इथे लहान, म्हणजे जास्त ऋण आकडा चांगला, त्यामुळे चढता क्रम लावा.

मजकूर मूळ तक्त्यातच ठेवून सूची वेगळी केली असेल, तर नोंद बदलताना ट्रिगरने (बदल झाला की आपोआप चालणारी आज्ञा) आधी जुना मजकूर जसाच्या तसा देऊन सूचीतून काढायचा, मग नवा घालायचा. म्हणून सफाई केलेला मजकूर मूळ तक्त्यात स्वतंत्र रकान्यात ठेवा. जुना मजकूर एका मात्रेनेही वेगळा गेला, तर सूची बिघडते आणि ‘रीबिल्ड’, म्हणजे सूची पुन्हा बांधण्याची आज्ञा, चालवावी लागते.