अंगणात जलपिंपळी कशी लावावी

बडोद्याच्या उन्हाळ्यात हिरवळ टिकवण्यासाठी पाण्याचा जो खर्च होतो, तो पाहता अंगणातील उघड्या जागेसाठी जलपिंपळी ही आपल्याकडचीच पसरणारी वनस्पती अधिक सोयीची आहे. स्थानिक माळ्याकडे मात्र ‘रतवेलियो’ या गुजराती नावाने ती मागावी.

ओलसर बांधावर किंवा तळ्याकाठी ती आपोआप वाढते. विश्वामित्रीच्या काठावरही सापडेल, पण तिथे मगरींचा वावर असल्याने रोपासाठी तिकडे न उतरलेलेच बरे. जलब्राह्मीशी तिची गल्लत होते. ब्राह्मीची पाने मांसल व सलग कडेची असतात, तर जलपिंपळीच्या पानाला केवळ टोकाकडच्या अर्ध्या भागात दाते असतात. लांब देठावरील तिच्या बोंडाभोवती इवल्या पांढऱ्या-गुलाबी फुलांचे कडे उमलते आणि बोंड जसजसे लांबते तसतसे ते कडे वर सरकते.

लागवड पावसाच्या सुरुवातीला करावी. आधी लव्हाळ्याच्या गाठी खणून काढाव्यात. या कामात आळस केला, तर जलपिंपळीच्या जाळीतून लव्हाळा उपटणे पुढे फार जिकिरीचे होते, हे मी स्वतः भोगले आहे. चिकण काळी माती असल्यास तीत थोडी वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. तीन-चार पेरांचे तुकडे अर्ध्या फुटावर आडवे ठेवून, त्यांची दोन पेरे मातीत दाबून शेंडा मोकळा सोडावा. मुळे धरेपर्यंत माती ओली ठेवावी. तुकडा हलकेच उचलल्यावर पेराखाली पांढरी तंतुमुळे दिसली, की तो रुजला असे समजावे.

या वनस्पतीला भरपूर ऊन हवे. सावलीत ती जगते, पण फुले कमी येतात. मुळे खोल गेल्यावर उन्हाळ्यात तीन-चार दिवसांआड पाणी पुरते. थंडीत वाढ मंदावते आणि पाने तांबूस होतात, त्याची काळजी करू नये.

प्रत्येक पेरापाशी मुळे फुटत असल्याने ती शेजारच्या वाफ्यात शिरते. माझ्याकडे नुसत्या विटांच्या कडेवरून ती सहज पलीकडे गेली, म्हणून आता दर महिन्याला कडेने खुरप्याने कापतो. फुलांवर मधमाश्या सतत असतात आणि पॅन्सी फुलपाखरांच्या अळ्या पाने खातात, तेव्हा औषध फवारू नये. मुले अनवाणी खेळणार असतील, तर बोंडे आधी कात्रीने छाटून घ्यावीत.