कुकू घड्याळ घेताना आणि टांगल्यावर

जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये, ट्रिबर्गसारख्या गावात, दुकानं कुकू घड्याळांनी, म्हणजे ठोक्याला दारातून पक्षी बाहेर येऊन ‘कुकू’ करणाऱ्या घड्याळांनी भरलेली असतात. बॅटरीच्या सेलवर चालणाऱ्या घड्याळात पक्ष्याचा आवाज रेकॉर्ड केलेला असतो. यांत्रिक घड्याळात दोन छोटे भाते हवा फुंकून तो काढतात. खरं हवं असेल तर ‘व्हीडीएस’ (ब्लॅक फॉरेस्टच्या घड्याळांची संघटना) या संस्थेचं प्रमाणपत्र मागा. एक दिवस चालणाऱ्या यंत्राची, वजन वर नेणारी साखळी रोज ओढावी लागते, आठ दिवसांच्या यंत्राची आठवड्यातून एकदा. दुसरं महाग, पण माझं मत त्यालाच.

टांगण्यापूर्वी पक्ष्याच्या दाराला लावलेली तारेची कडी काढा. ती तशीच राहिल्यामुळे कितीतरी नवी घड्याळं उगाच ‘बिघडलेली’ ठरतात! साधारण सहा फुटांवर टांगा आणि टिकटिक कानांनी ऐका. लंगडी वाटली तर घड्याळाचं खोकं किंचित डावी-उजवीकडे सरकवून ठोका समान करा, नाहीतर लंबक थांबतो. घड्याळ पुढे जात असेल तर लंबकाची चकती जराशी खाली सरकवा. वेळ फक्त मिनिटकाट्यानेच, पुढच्या दिशेने लावा.

साखळी ओढताना वजन हाताने उचलू नका. ढिली पडलेली साखळी चाकावरून निसटते आणि मग घड्याळजी गाठावा लागतो.