ई-२० पेट्रोल आणि जुनी बाईक : या चुका टाळा

मामाची २०१२ची कार्बोरेटरवाली बाईक चिपळूणला पडवीत अख्खा पावसाळा उभी होती, टाकीत पाव ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. गणपतीला किका मारमारून दमलो, कॉक रिझर्व्हवर टाकला तर एकदा घुरघुरली आणि बंद. पहिली चूक इथेच होते : गॅरेजवाला लगेच कार्बोरेटर खोलायला बसला, मी म्हटलं थांबा, आधी पेट्रोल बघू. काचेच्या बरणीत काढलं तर दोन थर, वर पेट्रोल आणि खाली गढूळ पाणचट. टाकीच्या झाकणाचं रबर पार कडक झालेलं, पाणी तिथूनच शिरलं.

इथेनॉल थोडं पाणी विरघळवून ठेवतं, पण प्रमाण वाढलं की त्या पाण्यासोबत तेही तळाला जाऊन बसतं. रिझर्व्हला पेट्रोल तळाचंच येतं, मग गाडी चालू होणार कशी? वरचंही वापरू नका, इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळायची ताकद, पडलेला असतो. टाकी पूर्ण रिकामी करा, साफ करा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी फुल ठेवा, झाकणाचं रबर बदला, खर्च काहीच नाही हो.

दुसरी चूक, रेस टिकत नाही म्हणून नुसता आयडलचा स्क्रू पिळणं. इथेनॉलमध्ये वजनाने ३५ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. इंजेक्शनवाल्या गाडीत सेन्सर पेट्रोल वाढवून सांभाळून घेतो, कार्बोरेटरला ते कळतच नाही. प्लग पांढराफटक, इंजिन गरम, उचलताना अडखळतं, असं असेल तर इंजिन तापल्यावर एअर स्क्रू सेट करून घ्या. जुना पेट्रोल पाइप फुगला किंवा चिरला असेल तर तोही बदला.

अ‍ॅव्हरेज थोडं पडलं म्हणून इंजिन खोलू नका. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे २० टक्के मिसळल्यावर ६-७ टक्के ऊर्जा कमीच होणार. फरक त्याहून बराच जास्त असेल तर मात्र एअर फिल्टर, ब्रेक, टायरची हवा बघा.

पीयूसी पास झाली म्हणजे इंजिन ठणठणीत, असंही समजू नका. जास्तीच्या ऑक्सिजनमुळे कार्बन मोनॉक्साइड कमी होतो, लीन इंजिनचा तर आणखीच कमी दिसतो. अ‍ॅसिटाल्डिहाइड हा धुरातला घातक वायू उलट वाढतो, आणि तो पीयूसीत मोजतच नाहीत.

आणि प्लीज, घरी पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल काढायच्या भानगडीत कुणी पडू नका, घरात पेट्रोलची वाफ पसरली तर एक ठिणगी पुरते.