चेलोवर डावा हात पसरताना: झाग्रेबच्या माट्स यांचा धडा

चेलो म्हणजे गुडघ्यांमध्ये धरून गजानं वाजवायचं मोठं तंतुवाद्य. ते शिकायला नवीन विद्यार्थी आला की मी आधी त्याचा डावा अंगठा बघते. वाद्याच्या दांडीला चिमटा काढल्यासारखा तो रुतलेला असेल, तर आज सूर कितीही बरा लागो, उद्या हात दुखणारच. माझा दुखला होता. वर्षभर चुकीचं घोटत राहिले आणि मनगट धरलं. त्यातून मला बाहेर काढलं रुडॉल्फ माट्स यांच्या ‘चेलोची पहिली वर्षं’ या मालिकेनं.

माट्स क्रोएशियातल्या झाग्रेबचे (१९०१–१९८८), चेलोवादक आणि संगीतकार. युरो त्काल्चिच यांच्याकडे चेलो शिकले, ब्लागोये बेर्सा यांच्याकडे रचना. तरुणपणी शर्यतीत धावायचे, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. स्नायू कधी ताणायचा, कधी सोडायचा, ते धावणाऱ्याला अंगानंच कळतं. त्यांचे अभ्यास अवघड गोष्ट एकदम पुढ्यात टाकत नाहीत, पायरी पायरीनं चढवतात. शिवाय लिहिणारा संगीतकार, त्यामुळे ते घोटतानाही मन रमतं.

बोटं पसरणं मी असं शिकवते. (डी, ई, एफ, जी ही पाश्चात्त्य सुरांची नावं, तारांनाही तीच; ‘शार्प’ म्हणजे अर्धा सूर वर.) डी तारेवर पहिलं बोट, म्हणजे तर्जनी, ई वर, दुसरं एफ वर, चौथं, म्हणजे करंगळी, जी वर. गज सावकाश ओढा. जी नेमका लागला की शेजारची मोकळी जी तार आपोआप थरथरते, डोळ्यांनी दिसतं. ती थरथरेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता पहिलं बोट ई वरच ठेवून दुसरं एफ शार्पवर न्या, चौथं जी शार्पवर. इथेच सगळे फसतात: बोटं ताणतात आणि अंगठा जागेवर राहतो. अंगठा दुसऱ्या बोटाखालीच हवा, म्हणून तोही सोबत सरकला पाहिजे. पहिलं बोट कुशीवर कलंडू द्या, ताठ उभं ठेवायचा हट्ट नको. सूर वाजला की लगेच हात मिटवून मूळ जागी आणा. ताण, सोड, ताण, सोड. चार वेळा झालं की हात खाली लोंबकळू द्या.

दिवसाला पाच मिनिटं पुरे. दुखलं तर त्या क्षणी थांबा, ‘सवय होईल’ म्हणून रेटू नका.

डी वर जमलं की ए तार, मग जी, सी सगळ्यात शेवटी. सी तारेवर जाताना डावं कोपर थोडं पुढे आणा, नाहीतर अंगठा पुन्हा दांडीला चिकटतो.