युरोपच्या ट्रायलचं पत्र आलं, तर आधी हे तपासा

मुंबईच्या कूपरेज फुटबॉल मैदानावर चमकणाऱ्या मुलाच्या घरी ‘बेल्जियममध्ये ट्रायल आहे, पैसे भरा’ असा निरोप आला, की दागिने मोडण्याआधी पश्चिम आफ्रिकेतली मुलं तिकडे कशी पोचली ते पाहा. सेनेगलचा फुटबॉलपटू सादिओ माने डाकारच्या जेनेरेशन फूट अकादमीचा. अकादमीचं फ्रान्सच्या मेट्झ क्लबशी जुनं नातं, म्हणून 2011 साली तो तिथे गेला. लिव्हरपूलसारखा मोठा क्लब आला 2016 मध्ये, साल्झबर्ग आणि साउथॅम्प्टन या क्लबांनंतर. घानाचा मोहम्मद कुदुस राइट टू ड्रीम अकादमीतून डेन्मार्कच्या नोर्शेलान्डला गेला आणि 18 वर्षांचा होताच ऑगस्ट 2018 मध्ये पहिल्या संघातून खेळला. दोघांचाही पहिला क्लब छोटा होता, आणि दार अकादमीने उघडलं.

वय सगळ्यात महत्त्वाचं. फिफाच्या खेळाडू-बदली नियमांचं कलम 19 सांगतं, की 18 च्या आत परदेशी क्लबमध्ये नोंदणी नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले, हा त्यातला एक. तेव्हा 16 वर्षांच्या मुलाला ‘क्लबने साइन केलंय’ असं कुणी म्हणालं, तर बोलणं तिथेच थांबवा.

एजंटचं नाव फिफाच्या संकेतस्थळावर शोधा. लायसन्स माणसाला मिळतं, कंपनीला नाही, त्यामुळे चकचकीत लेटरहेडला काही किंमत नाही. एजंटशी करार जास्तीत जास्त 2 वर्षांचा. पत्रावरच्या नंबरवर फोन करू नका. क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून नंबर घ्या आणि ट्रायलबद्दल थेट विचारा.

आयटीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय बदलीचा दाखला, नव्या देशाचा फुटबॉल महासंघ एआयएफएफकडून, म्हणजे आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडून, ऑनलाइन मागवतो. हा दाखला फुकट असतो. त्यासाठी पैसे मागणारा फसवतोय.

घरचं काम मात्र आजपासून करा. पालिकेचा जन्मदाखला, आधार, पासपोर्ट आणि एआयएफएफच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीतली जन्मतारीख एकच हवी. एका आकड्याच्या फरकानेही नोंदणी अडकते. दर हंगामाची नोंद आपल्या क्लबकडून करून घ्या. 12 व्या वर्षापासूनच्या या नोंदींवरच मुलाला घडवणाऱ्या क्लबची प्रशिक्षण-भरपाई, म्हणजे नव्या क्लबने त्याला द्यायचे पैसे, ठरते. मुंबईत बरीच मुलं नोंद न करताच खाजगी अकादमीत वर्षं काढतात, आणि मग त्या वर्षांचा कागदच नसतो.

ट्रायलला निघालाच, तर शॉर्ट-स्टे व्हिसावर करार करून खेळता येत नाही, हे मुलाला नीट समजावून सांगा. अनेक आफ्रिकन मुलं अशाच व्हिसावर गेली, ट्रायल फसली, दलाल गायब झाला आणि ती परक्या शहरात बेकायदा अडकली. परतीचं तिकीट आधी काढा आणि पासपोर्ट मुलाच्याच खिशात राहू द्या.