पाड्यावरून माणूस उचलला तर काय करायचं? अटक, जामीन, बचाव सगळं एकदाच

धडगाव असो, अक्कलकुवा, शिरपूर नाहीतर चोपडा-यावल, फोन येतो तो असाच येतो: "भाऊ, मना पोऱ्याले पोलीस लई ग्यात." कोणत्या गुन्ह्यात, कोणत्या स्टेशनला, काहीच माहीत नसतं. मग पाड्यावरची दहा माणसं पिकअपमध्ये बसून येतात अन् पोलीस स्टेशनबाहेर लिंबाखाली दिवसभर बसून राहतात. तसं बसू नका, केसमधलं निम्मं काम त्याच दिवशी करायचं असतं, नंतर कितीही मोठा वकील लावा तो दिवस परत हाती येत नाही.

आत जाऊन आधी विचारा की अटक दाखवली आहे का नुसतं "चौकशीला" आणलंय. चौकशीला आणलं असेल तर नोटीस मागा. 1 जुलै 2024 पासून जुनं सीआरपीसी (अटक, जामीन, खटला कसा चालवायचा याचा कायदा) जाऊन बीएनएसएस आलं, त्याच्या कलम 35 मध्ये नोटीस देऊन बोलवायची सोय आहे, आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची होती हे पोलिसांना लिहून ठेवावं लागतं. अटक दाखवली असेल तर तारीख, वेळ, ठिकाण तुम्हीपण वहीत टिपून ठेवा, कारण 24 तासांच्या आत माणूस मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहिला पाहिजे (प्रवासाचा वेळ सोडून) आणि कागदावरची अटक बऱ्याचदा खऱ्या अटकेनंतर काही तासांनी सुरू होते. सकाळी सातला बाजारातून उचललं आणि कागदावर संध्याकाळी सहा, असं असेल तर ते कोर्टात पहिल्याच दिवशी सांगायचं, नंतर सांगितलं तर बनवलेलं वाटतं.

अटकेचं कारण लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायला पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये स्पष्ट सांगितलंय. आपल्याकडे हाच मुद्दा सगळ्यात कामाचा आहे. आरोपी पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलतो, हवालदार मराठीत वाचून दाखवतो, पोरगं मान हलवतं आणि कागदावर "समजावून सांगितले" असं येतं. मान हलवली म्हणजे समजलं असं नसतं. मॅजिस्ट्रेटने विचारलं की काही तक्रार आहे का, तर त्याने पावरीत, भिलीत, जे येतं त्यात बोलावं, आणि दुभाषा मागावा. साक्षीपुरावा चालू झाल्यावर तर आरोपीला समजेल त्या भाषेत सांगणं कोर्टावर बंधनकारकच आहे, बीएनएसएसचं कलम 314. मारहाण झाली असेल तर मेडिकलला नेतात तेव्हा डॉक्टरला सांगायचं, घरी आल्यावर नाही.

सही-अंगठ्याचं नीट लक्षात ठेवा. पोलिसांपुढचा जबाब लिहून घेतला तरी त्यावर सही घ्यायची नसते, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. फक्त त्याने सांगितल्यावर वस्तू निघाली, कुऱ्हाड किंवा गाडी, तर तेवढा भाग चालतो. पण फॉरेस्टवाले पोलीस नाहीत, असं कोर्टं धरत आली आहेत. नाकेदार (जंगलाचा गार्ड)-रेंजर यांच्यापुढे दिलेला जबाब अंगावर येऊ शकतो. कोऱ्या कागदावर अंगठा कुणालाच देऊ नका, सरपंचालाही नाही.

वकील फुकट मिळतो. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, 1987 चा विधी सेवा कायदा आहे, आणि कोठडीतल्या कोणालाही तो हक्क आहेच. धुळे, जळगाव, नंदुरबारला जिल्हा कोर्टातच ऑफिस असतं, नाहीतर 15100 ला फोन करा. काही लोक म्हणतात फुकटचा वकील लक्ष देत नाही. कधीकधी खरंही असतं, मग अर्ज देऊन बदलून मागा, पण त्या नादात शेळ्या विकून दलालाला पैसे देऊ नका.

जामीन मंजूर झाला आणि तरी माणूस आत, हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं. जामीनदार पाहिजे, सातबारा पाहिजे, आणि पाड्यावर जमीन वनहक्काची नाहीतर आज्याच्या नावावर. सुप्रीम कोर्टाने 1978 मध्येच एका गवंड्याच्या केसमध्ये सांगितलंय की गरिबाला झेपणार नाही असा जामीन लावू नका आणि जामीनदार त्याच जिल्ह्याचा पाहिजे असा हट्ट धरू नका. जामीनपात्र गुन्हा असेल आणि आठवड्यात जामीनदार मिळाला नाही तर तो माणूस गरीब आहे असं धरून जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, त्याच्याच लिहून देण्यावर) सोडायचं असतं. वकिलाला सांगून अट शिथिल करायचा अर्ज टाकाच. चार्जशीट 60 दिवसांत (मोठ्या गुन्ह्यात 90) आली नाही तर जामीन हक्काने मिळतो, पण चार्जशीट यायच्या आधी अर्ज पडला पाहिजे, म्हणून दिवस मोजत राहा. पहिल्यांदाच गुन्हा असेल आणि जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर बीएनएसएसचं कलम 479 बघायला सांगा, जन्मठेप-फाशीच्या गुन्ह्यात ते लागत नाही आणि अजून केसेस चालू असतील तर अडतं.

आता बचावाचं. "आमच्यात असा रिवाज आहे" एवढ्यावर कोणी सुटत नाही, "कायदा माहीत नव्हता" याच्यावरही नाही. रिवाजाला कायद्यातली जागा दाखवावी लागते. उदाहरण जंगलाचं घ्या. तेंदूपत्ता, डिंक, मध, बांबू हे गौण वनोपज आहे आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यावर पारंपरिक हक्क दिलाय. चोरीला बेइमानीचा हेतू लागतो, आपला हक्क आहे असं प्रामाणिकपणे समजून नेलं तर चोरी होत नाही, फक्त ते कागदाने दिसलं पाहिजे: ग्रामसभेचा ठराव, दाव्याची पोच, वनहक्क समितीचा नकाशा. खेडलेल्या जमिनीचा दावा पेंडिंग असेल तर पडताळणी पुरी होईपर्यंत त्यावरून हुसकवता येत नाही, कलम 4(5). आणि गंमत बघा, 2005 च्या आधी नाकेदाराने अतिक्रमणाचा दंड केल्याच्या ज्या पावत्या असतात त्याच जुन्या ताब्याचा पुरावा म्हणून कामाला येतात, म्हणून घरातली कोणतीही पिवळी पडलेली पावती फेकू नका. शिकार मात्र या कायद्यात बसत नाही, सरळ वगळलेली आहे.

भांडणात तिरकामठा, कोयता निघाला तर स्वसंरक्षणाचा मुद्दा बीएनएसच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 34 पासून पुढं आहे, पण आपल्या अंगावरच्या जखमांची नोंद पाहिजे आणि धोका टळल्यावर मारलेला घाव त्यात धरत नाहीत. लग्नात होळीत पिऊन केलं म्हणालात तर काही उपयोग नाही, कोणी फसवून किंवा जबरदस्तीने पाजली असेल तरच.

डाकीण ठरवून मारहाणीच्या केसमध्ये "आम्हाला खरंच वाटत होतं" असं सांगतात. याच्यावर ओरिसा हायकोर्टाचा एक जुना निकाल वाचण्यासारखा आहे. पडक्या विमानतळावर रात्री उजेड दिसला, एका नोकराला वाटलं भुतं नाचतायत, त्याने खुकरी चालवली आणि त्या होत्या कंदील घेऊन मोहाची फुलं वेचणाऱ्या आदिवासी बाया, एक मेली. तो सुटला, कारण समोर माणूस आहे हेच त्याला कळलं नव्हतं. डाकिणीच्या केसमध्ये समोर आपल्याच पाड्याची बाई आहे हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे तो बचाव लागत नाही, वर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो.

सतरा वर्षांची पोरगी पळून आली, झगडा (पंचांनी ठरवलेली भरपाई) पंचांपुढे भरला, दोन्ही घरं राजी, तरी पॉक्सो (अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागतो. तिथं वयच बघा. शाळेत गुरुजींनी सरसकट 1 जून टाकलेली जन्मतारीख असते, वय सरकारी पक्षाला शाबीत करावं लागतं, दाखल्याचा मूळ रजिस्टर कोर्टात मागवायला वकिलाला सांगा.

पारधी, भिल पोरांना चोरी कुठंही झाली की आधी उचलायचं ही सवय 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची, तो 1952 मध्ये गेला. 3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने तुरुंगातल्या जातिभेदावरच्या निकालात पोलिसांना सांगितलंय की विमुक्त जमातीच्या (त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या) लोकांना मनमानी अटक करू नका. खोटी केस घातली हे दाखवता येत असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम 3(1)(p) आहे, पण ते रागाच्या भरात नाही, वकिलाशी बोलून.

शेवटची गोष्ट तारखेची. दिवाळीनंतर अख्खा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो, तारीख चुकते, वॉरंट निघतं आणि होळीला गावी आलेला माणूस परत आत जातो, मूळ केस कितीही फालतू असू दे. जायच्या आधी वकिलाला भेटून गैरहजेरीच्या माफीचा अर्ज देऊन ठेवा, पुढची तारीख कोर्टाच्या वेबसाइटवर केस नंबर टाकून दिसते, ती शाळा शिकलेल्या पोराला बघायला लावा आणि मुकादमाचा नंबर वकिलाकडे देऊन जा.